राखणीचा भाग

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण माणसांच्या संदर्भात वापरतो. घरचाच कोणी उठून घरावर उलटला की ती ओठांवर येते. पण क्षणभर तिच्यातला मनुष्यस्वभाव बाजूला ठेवावा आणि नुसती कुऱ्हाड पाहावी. तिचे भाग दोन: लोखंडाचे पाते आणि लाकडाचा दांडा. पाते पिढी-दोन पिढ्या टिकते. दांडा मात्र दोनचार वर्षांनी मोडतो. मोडला की कुऱ्हाडवाला दुकान शोधीत नाही. बांधावरच्या झाडाची एक सरळ फांदी पाहतो, तासतो आणि पात्याच्या नेढ्यात ठोकून बसवतो. गोतास काळ ठरणाऱ्या त्या हत्याराचा सुटा भागही शेवटी गोतच पुरवते. ज्या रानात हत्यार मोडते, त्याच रानात ते दुरुस्त होते.

कोकणात आम्ही ज्याला नुसते 'कटर' म्हणतो, त्या पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीत लाकूड औषधालाही नाही. ती रानात मोडते, पण तिचा भाग रानात उगवत नाही. तो पुण्या-मुंबईच्या एखाद्या पेठेत असला तर असतो, नाहीतर सातासमुद्रांपलीकडे. अशा वेळी भाग शोधीत बसावे, की करून घ्यावा? आणि करूनच घ्यायचा तर कोणता करून घ्यावा आणि कोणत्याला हात लावू नये? प्रश्न वरवर लोहारकामाचा आहे. मला मात्र तो दिवसेंदिवस नीतीचा वाटू लागला आहे.

या यंत्राची कुळकथा मोठी चमत्कारिक आहे. आरंभी त्याचा लाकडाशी काही संबंधच नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोघा स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी दात असलेली एक बारीक साखळी योजली. साखळीच्या दोन टोकांना दोन मुठी. त्या धरून ती हाताने मागेपुढे ओढायची. १८३० च्या सुमारास बेर्नहार्ड हाइने या जर्मन गृहस्थाने तशीच साखळी एका पट्टीभोवती बसवली आणि हातदांड्याने फिरती केली. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी आंद्रेआस श्टील याने जर्मनीतच १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी लाकूड कापण्याची करवत बनवली. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या एका खुंटापाशी थबकला. खुंटात भुंग्याची अळी लाकूड पोखरीत होती. एक घास डावीकडे, एक घास उजवीकडे. कॉक्सने अळीच्या जबड्याच्या वळणाचे दात साखळीला दिले, आणि १९४७ पासून तशा साखळ्या तो विकू लागला. आजही बहुतेक साखळ्यांचे दात त्याच जातीचे असतात. डॉक्टरांच्या हातातले हत्यार असे फिरत फिरत बागाईतदाराच्या पडवीत येऊन टेकले.

या यंत्राचे भाग नीट पाहू लागले की त्यांत दोन वर्ग दिसतात. पहिला वर्ग कामाचा. साखळी, ती ज्या पट्टीभोवती धावते ती पट्टी, साखळीला ओढणारे दातेरी चाक, इंजिन सुरू करण्याची दोरी, पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा, हवेची गाळणी. यांतला एक जरी बिघडला तरी यंत्र ताबडतोब बोंब मारते: सुरू होत नाही, धूर ओकते, किंवा लाकडाच्या भुशाऐवजी नुसते पीठ पाडते.

दुसरा वर्ग निराळा आहे. साखळीतला एखादा कापणारा दात हातात धरून पाहा. त्याच्या पुढे एक बुटका, बोथट उंचवटा दिसेल. तो काहीच कापीत नाही. तो दातापेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली असतो, आणि तेवढाच घास तो दाताला घेऊ देतो. घाईतला माणूस कानस घेऊन हा उंचवटा आणखी खाली घासतो. मग यंत्र हावऱ्यासारखे लाकूड खाऊ लागते आणि उसळण्याचा धोकाही वाढतो. उसळणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले तो विसरत नाही. भरवेगातली साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटर. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला नुसता लागला, तरी अख्खी करवत चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकली जाते. एवढ्यासाठी पुढच्या मुठीच्या आड एक कमान असते. हात तिच्यावर आपटला, किंवा धक्क्यानेच ती पुढे कलली, की आतली एक पोलादी पट्टी क्लचच्या डब्याभोवती आवळली जाते आणि पापणी लवायच्या आत साखळी थांबते. हा ब्रेक १९७० च्या दशकात प्रचारात आला. त्याच्या खालच्या बाजूला एक छोटा आकडा असतो. साखळी तुटून मागे आलीच, तर तिला अडवणे एवढेच त्याचे काम.

कोकणातल्या गावाला राखणदार असतो. तो नांगर धरीत नाही, आंबे उतरवीत नाही, पाण्याची पाळी लावीत नाही. वर्षाकाठी त्याला नारळ द्यायचा आणि तो आहे असे धरून निश्चिंत राहायचे. यंत्रातल्या या दुसऱ्या वर्गाला मी मनाशी 'राखणीचे भाग' म्हणतो. त्यांचे वैशिष्ट्य असे की, ते नसले तरी यंत्र उत्तम चालते. किंबहुना थोडे अधिकच चांगले चालते. आणि सगळी गोम इथेच आहे. कामाचा भाग खोटा असला तर यंत्र स्वतःच चुगली करते. राखणीचा भाग खोटा असला तर यंत्र गप्प बसते; आणि एकदाच बोलते.

हा भेद मला पुस्तकात सापडला नाही. तो ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले, त्यानंतरच्या दिवसांत कळला. आमच्या दापोली-मंडणगडकडच्या वाड्यांतही माड, पोफळी, हापूसची जुनी झाडे सरसकट उन्मळून पडली होती. घरांवर, वाटांवर, विजेच्या तारांवर. त्यात टाळेबंदी. पाऊस उंबऱ्याशी आलेला. गावोगावचे कटर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालू लागले, आणि जी यंत्रे वर्षातून चार दिवस चालायची, ती पंधरा दिवसांत थकली. सुटे भाग येणार कुठून? दुकाने बंद, वाहतूक बंद.

तालुक्याच्या गावी एक मेस्त्री आहेत. त्यांचे लेथचे एका खोलीचे दुकान. वीज नव्हतीच, डिझेलच्या जनरेटरवर ते दिवसातून चार तास लेथ चालवीत. त्या चार तासांत मी त्यांना काय काय करताना पाहिले! सुरू करण्याची दोरी तुटली, तर मच्छीमारांच्या जाळ्याची नायलॉनची दोरी जाडी पाहून बसवली. गॅस्केट फाटले, तर फायलीच्या जाड पुठ्ठ्यातून नवे कापले. कार्ब्युरेटरचा पडदा करता येत नाही, म्हणून चार मेलेली यंत्रे उघडून त्यांतला एक जिवंत पडदा शोधून काढला. दातेरी चाक तर त्यांनी नवेच कातले. आधी साखळीच्या सलग तीन रिव्हेटांमधले अंतर मोजले, त्याचे निम्मे केले. तो साखळीचा पिच. पिचात केसाएवढी चूक झाली तरी चाक साखळीला खाते आणि साखळी चाकाला. मग दात कापले, चाक भट्टीत लाल केले आणि तेलात बुडवून त्याला पाणी दिले. "कंपनीचं वर्षभर जातं, हे पावसाळाभर गेलं तरी पुरे," असे ते म्हणाले. ते चाक खोटे नव्हते. ते कमी आयुष्याचे होते, आणि तसे सांगून दिलेले होते.

असाच एक तरणा मुलगा एके दिवशी कटर घेऊन आला. वाडीतल्या एका म्हातारीच्या घरावर आंबा आडवा झाला होता. कौले फुटून पाणी आत येत होते. मुलाच्या यंत्राचे बाकी सारे ठीक होते. ब्रेकची ती आवळणारी पट्टी तेवढी तुटली होती.

"मेस्त्री, एवढं वेल्डिंग मारून द्या. माणसं खोळंबलीत."

मेस्त्रींनी पट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि परत दिली. "हे नाही रे व्हायचं."

"अहो, दोन मिनिटांचं काम. परवा त्या पाटकरांच्या मशीनची मूठ जोडून दिलीत की!"

"मूठ तुटली तर तू मला येऊन शिव्या घालशील. हे तुटलं, तर शिव्या घालायला तू असायला हवास ना, बाबा?"

मुलगा वरमला नाही. "मग बिनब्रेकची चालवू काय?"

"चालव असं मी म्हणणार नाही. पण खोटा ब्रेक लावून देणार नाही. ही पट्टी तापवली की तिचं पाणी उतरतं. दिसेल जोडलेली, पण असणार नाही."

शेवटी खेडकडच्या कोणाकडे तसल्याच बनावटीचे एक बंद पडलेले यंत्र निघाले. त्यातली पट्टी येऊन बसायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस आंबा म्हातारीच्या घरावर तसाच होता. ताडपत्री टाकली, पण पाऊस ऐकतो कशाला! घरातले वर्षाचे तांदूळ भिजले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मेस्त्रींच्या 'नाही'ची किंमत मेस्त्रींनी दिली नाही. ती म्हातारीने दिली. नीतीच्या गोष्टी सांगताना आपण ही बाजू पुष्कळदा झाकून ठेवतो.

आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी स्पष्टवक्ते. ते म्हणाले, "मेस्त्रीचं मन स्वच्छ राहिलं आणि म्हातारीचे तांदूळ गेले. असल्या सोवळेपणाला काय अर्थ आहे? जोडून दिली असती पट्टी, तर तासाभरात झाड उतरलं असतं. आणि ब्रेक लागतो कितीदा? शंभर झाडांत एकदा नाही!"

गुरुजींच्या बोलण्यात तथ्य होते. बहुधा काहीच झाले नसते. त्या मुलाने झाड कापले असते, तांदूळ वाचले असते, आणि मेस्त्रींना दुवा मिळाला असता. राखणीच्या भागाची हीच पंचाईत आहे की, त्याचे मोल घडलेल्या गोष्टींवरून सिद्ध करता येत नाही. तो खरा असूनही काही घडत नाही, आणि खोटा असूनही बहुतेक वेळा काही घडत नाही. हिशेबी माणसाला तो नेहमीच फुकटचा खर्च वाटणार.

तरीही मला मेस्त्रींचे म्हणणे बरोबर वाटते, आणि त्याचे कारण त्यांच्याच एका वाक्यात आहे. त्यांनी 'बिनब्रेकची' आणि 'खोट्या ब्रेकची' यांत फरक केला. ब्रेक नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस पट्टीचे टोक लाकडापासून दूर ठेवतो, पाय रोवून उभा राहतो, फांदीला हात घालण्यापूर्वी दोनदा विचार करतो. त्याचे भय हाच त्याचा राखणदार होतो. पण ब्रेक आहे असे ज्याला वाटते, तो निर्धास्त असतो. खोटा ब्रेक लावणारा त्याला नुसता एक वाईट भाग देत नाही. त्याच्याजवळचे भयही काढून घेतो. शिवाय यंत्र एकाच हाती राहत नाही. आज ते या मुलाचे, पुढच्या वर्षी त्याने विकले की आणखी कोणाचे. त्या तिसऱ्या माणसाला वेल्डिंगची कथा कोण सांगणार? स्वतः जाणूनबुजून धोका पत्करणे हा ज्याचा त्याचा अधिकार असेल. दुसऱ्याच्या नकळत त्याच्यावर धोका टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही, कारण कितीही चांगले असले तरी.

यावरून मी स्वतःपुरता एक नियम बांधला आहे. ज्या भागाच्या चुकीची किंमत यंत्र भरते, तो भाग खुशाल घरी करून पाहावा. त्यात कल्पकता आहे, काटकसर आहे, आणि वस्तू टाकून न देण्याचा आपला जुना संस्कारही आहे. पण ज्या भागाच्या चुकीची किंमत माणूस भरतो, तो भाग खराच असला पाहिजे. नसेल तर तो नाही, असे सर्वांना दिसले पाहिजे. या दोहोंच्या सीमेवर काही भाग असतात हे मला मान्य आहे. कटरच्या मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे किंवा स्प्रिंगचे दट्टे असतात. ते गेले म्हणून कोणी त्याच दिवशी जखमी होत नाही. पण यंत्राची थरथर वर्षानुवर्षे हातात उतरते, आणि पुढे बोटे थंडीत पांढरी पडू लागतात, बधिर होतात. इथे किंमत माणूसच भरतो. फक्त हप्त्याहप्त्याने भरतो. म्हणून तेही राखणीचेच.

मात्र हा नियम एकट्या मेस्त्रीवर लादणे हा अन्याय होईल. तुटलेली पट्टी ती केवढी? वीतभर पोलाद. ती मिळाली असती तर प्रश्नच उद्भवला नसता. टाळेबंदी उठल्यावर मी कुतूहलाने एका विक्रेत्याकडे चौकशी केली, तेव्हा कळले की ते मॉडेल बंद झाले आहे, आणि पट्टी सुटी मिळत नाही. सगळी जोडणीच घ्यावी लागेल, तीही मागवून. 'त्यापेक्षा नवीनच घ्या ना,' असा आपुलकीचा सल्लाही मिळाला. ज्याला नवे परवडते त्याच्यासाठी तो सल्ला ठीक आहे. ज्याला परवडत नाही, तो काय करतो? तो वेल्डिंग मारणारा दुसरा मेस्त्री शोधतो. म्हणजे खोट्या ब्रेकच्या पापात, खरा ब्रेक अडवून ठेवणाऱ्याचाही वाटा आहे. वस्तू विकणे आणि तिचा राखणीचा भाग पुढे न पुरवणे म्हणजे गाव वसवून देऊन राखणदार परत नेण्यासारखे आहे.

जगात या गोष्टीची जाण हळूहळू येत आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर, त्या दुरुस्त करणे किती सोपे आहे, याचे गुण छापावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टल उघडले. त्यात वाहने, मोबाइल आणि घरगुती उपकरणे यांच्याबरोबर शेतीची अवजारेही आली, हे विशेष. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात शेतीच्या यंत्रांचे भाग आणि दुरुस्तीची माहिती शेतकऱ्याला देणे १ जानेवारी २०२४ पासून कायद्याने बंधनकारक झाले. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. या सर्व धडपडीत हक्काची भाषा आहे, आणि ती योग्यच आहे. मला फक्त तिला एक पुस्ती जोडावीशी वाटते. इतर भागांच्या बाबतीत व्यापाऱ्याने व्यापार करावा; राखणीच्या भागाच्या बाबतीत त्याने कर्तव्य मानावे. रंगीत टोपण वर्षभर नाही मिळाले तरी चालेल. ब्रेकची पट्टी, यंत्र कोणाच्या तरी हातात चालू आहे तोवर, मिळालीच पाहिजे.

वाचक म्हणतील, आम्हांला झाडे कापायची नाहीत. दिवाळीच्या दिवसांत हे करवतपुराण कशाला? तर त्यांनी जरा आपल्याच स्वयंपाकघरात डोकवावे. प्रेशर कुकरच्या झाकणाला शिटीखेरीज एक छोटी चकती असते. शिटीचा मार्ग तुंबला आणि वाफ कोंडली, तर फुटायचे ते हिने, कुकरने नव्हे. शिटी रोज वाजते, म्हणून तिचे सर्वांना कौतुक. ही चकती वर्षानुवर्षे काहीच करीत नाही. ती गळू लागली की कोणीतरी तिथे रांगा ओतून देतो किंवा स्क्रू पिळून बसवतो. डाळ पूर्वीसारखीच शिजते! जुन्या घरांत अजून पांढरे किटकॅट फ्यूज आहेत. त्यांतली तार बारीक असते, कारण वितळणे हाच तिचा धर्म आहे; भिंतीतल्या तारा तापण्यापूर्वी तिने जळून जायचे. ती वारंवार जाते म्हणून वैतागलेला गृहस्थ तिथे तांब्याची जाड तार गुंडाळतो आणि 'आता बघा, जातोच कसा फ्यूज!' म्हणून हात झटकतो. खरेच जात नाही. जाण्याचे काम मग घराकडे येते.

एका बाजूने पाहिले तर ही सारी फार लहान माणसे आहेत: बुटका उंचवटा, वीतभर पट्टी, कुकरची चकती, फ्यूजची तार. कोणी त्यांची पूजा करीत नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांना फूल वाहतो, तेही पात्याला. पण संसाराचा, गावाचा, राज्याचाही गाडा बघितला, तर त्यात धावणाऱ्या चाकांइतकेच हे अडवणारे भागही असतात. घरातला खर्चाला 'आत्ता नको' म्हणणारा एखादा वडीलधारा, कचेरीतला सही करण्यापूर्वी कागद वाचणारा एखादा कारकून, आणि वेल्डिंग नाकारणारा एखादा मेस्त्री. चांगल्या दिवसांत ते आपल्याला अडथळे वाटतात. त्यांच्या जागी दिसायला तसाच, पण अडवणार नाही असा, एखादा भाग बसवण्याचा मोह अनावर होतो. बसवला तर काम बिघडतही नाही. उलट वेगाने चालते. म्हणूनच तो मोह ओळखणे कठीण.

एवढे तत्त्वज्ञान सणासुदीला जड वाटले, तर त्यातले एक लहानसे काम घ्यावे. गच्चीवर आणि अंगणात दिव्यांच्या माळा सोडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून, माहीतगाराच्या हातून, घरातला फ्यूज एकदा उघडून पाहावा. आत केसासारखी बारीक तार दिसली, तर तिला तसेच राहू द्यावे. दिवाळीत ती दोनदा जळाली आणि घर चार मिनिटे अंधारात गेले, तर चिडू नये. पणत्या असतातच.